फुलटोच्याचा चिकट कारभार

पक्षी विष्ठा टाकतात ते सहसा उडता उडता, बसल्या बसल्या, खाली कोण उभं आहे याची पर्वा न करता. फुलटोच्याला हे जमत नाही. बांडगुळाचं फळ पोटात गेलं की थोड्याच वेळात तो फांदीवर वळतो, अंग फांदीच्या लांबीत आणतो, बूड टेकवतो आणि सालीवर घासत पुढे सरकतो. कारण मागून येणारी बी खाली पडायलाच तयार नसते. तिच्याभोवतीचा गर इतका चिकट असतो की बी पिसांना लोंबकळत राहते. मागोमाग दोन-तीन बिया आल्या तर त्यांची लडच तयार होते. मग पुसून काढण्यावाचून इलाज नाही.

आणि पुसलेली बी नेमकी तिथेच चिकटते जिथे तिला जायचं असतं. जिवंत झाडाच्या फांदीवर, जमिनीपासून उंच, भरपूर उजेडात. जमिनीवर पडली असती तर ती वायाच गेली असती. पक्ष्याची अडचण सुटली आणि बांडगुळाची पेरणीही झाली. आशियातल्या जंगलांच्या शेंड्यावर हा व्यवहार रोज, दिवसभर, अगदी आपल्या डोक्यावर चाललेला असतो.

नाण्याएवढं वजन, आवाज मोठा

फुलटोच्या हे एका पक्ष्याचं नाव नाही, एका अख्ख्या कुळाचं आहे. या कुळात पन्नासच्या आसपास जाती आहेत. भारत आणि श्रीलंकेपासून म्यानमार, मलेशिया, इंडोनेशिया, फिलिपिन्स, न्यू गिनी करत करत ऑस्ट्रेलियापर्यंत त्यांचा पसारा आहे. आफ्रिकेत नाहीत, अमेरिकेतही नाहीत. अंग गुबगुबीत, मान आखूड, शेपूट त्याहून आखूड. शिंजीर हे त्यांचे सर्वांत जवळचे नातलग. पण शिंजिराची चोच लांब आणि बाकदार, तर फुलटोच्याची आखूड आणि बहुतेक जातींत जाडसर. शिंजीर फुलापुढे मिरवतो, बागेत खालीही उतरतो. फुलटोच्याचा जीव शेंड्यावरच्या पानांत रमतो.

महाराष्ट्रात आणि गोव्यात तीन जाती दिसतात. टिकेलचा फुलटोच्या सर्वांत ओळखीचा. लांबी जेमतेम ८ सेंटिमीटर, वजन ४ ते ८ ग्रॅम. २०११ पासूनचं पाच रुपयांचं नाणं ६ ग्रॅमचं आहे, ते तळहातावर ठेवून पाहा म्हणजे हा पक्षी किती हलका हे लगेच कळेल. भारतातल्या सर्वांत लहान पक्ष्यांमध्ये त्याची गणना होते. रंग मात्र अगदी साधा. वरून मातकट हिरवट, खालून मळकट पांढरा, चोच फिकट गुलाबीसर. नर आणि मादी दिसायला सारखेच.

दुसरा जाड चोचीचा फुलटोच्या. याच्या छातीवर पुसट रेघा असतात, डोळा तांबूस असतो आणि फांदीवर बसल्या बसल्या शेपूट डावी-उजवीकडे हलवण्याची खोड असते. एवढ्या उंचीवर रंग दिसत नाही, रेघा दिसत नाहीत, पण ही शेपटीची हालचाल दिसते आणि ओळख पटते. तिसरा निलगिरी फुलटोच्या, सह्याद्रीचा खास रहिवासी. जेर्डन या निसर्ग अभ्यासकाने १८४० मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली. आंबोलीच्या, तिळारीच्या, गोव्याच्या घाटांतल्या ओल्या जंगलात तो भेटतो. टिकेलच्यासारखाच साधा, फक्त चोच गडद आणि डोळ्यावर फिकट भुवई.

एवढ्याशा जिवाचा आवाज मात्र दणदणीत. चिक्, चिक्, चिक्. उडतानाही चिक्, बसल्यावरही चिक्. पक्षी दिसण्याच्या कितीतरी आधी तो ऐकू येतो, आणि बरेचदा फक्त ऐकूच येतो.

टिकेलवरून आठवलं. सॅम्युएल टिकेल हा ब्रिटिश फौजेतला अधिकारी, पक्ष्यांचा मोठा नादिष्ट. १८३३ मध्ये त्याने एका फुलटोच्याची पहिली शास्त्रीय नोंद केली, तेव्हा तो विशीच्या सुरुवातीला होता. ती जात कोणती? जाड चोचीचा फुलटोच्या! ज्याला आज टिकेलचं नाव आहे त्याची नोंद इंग्लंडमध्ये बसलेल्या जॉन लॅथमने टिकेलच्या जन्माआधीच करून ठेवली होती.

पोटात दोन रस्ते

आता पोटाचं. मला या कुळातली सर्वांत थक्क करणारी गोष्ट हीच वाटते.

फुलटोच्या फळं खातो आणि किडे, कोळीही खातो. फळ मऊ, पचायला सोपं. किड्याचं कवच कडक, ते दळावं लागतं. बहुतेक पक्ष्यांत दोन्ही गोष्टी एकाच वाटेने जातात. पोटाच्या स्नायूंच्या पिशवीत, म्हणजे पेषणीत, सगळं भरडलं जातं आणि मग पुढे सरकतं. फुलटोच्यांत ही पिशवी मुख्य वाटेच्या कडेला असते, आणि तिचं तोंड आवळता येतं. किडा आला की तो पिशवीत जातो आणि भरडला जातो. बांडगुळाचं फळ आलं की ते पिशवीला वळसा घालून थेट आतड्यात उतरतं. गर पचतो आणि बी धक्काही न लागता बाहेर पडते.

बीला धक्का न लागणं फार महत्त्वाचं आहे. इतर बियांना असतं तसं कडक टरफल बांडगुळाच्या बीला नसतं. पेषणीत गेली असती तर तिचं पीठ झालं असतं. शिवाय तिला घाईही असते. बाहेर पडून फांदीला चिकटली की ती उगवायला माती मागत नाही, पावसाची वाट पाहत नाही. तारेवर चिकटली तरी कोंब काढते. मात्र कोंबाने आत शिरायला खाली जिवंत साल हवी. ती मिळाली की चोषक मूळ सालीतून आत घुसतं, यजमान झाडाच्या पाण्याच्या वाहिन्यांपर्यंत पोचतं, आणि बांडगुळाने पाय रोवले म्हणून समजा.

एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. बांडगूळ पूर्ण परजीवी नाही. त्याची पानं हिरवीगार असतात आणि स्वतःचं अन्न ती स्वतः तयार करतात. झाडाकडून ते घेतं पाणी आणि क्षार.

जाड चोचीचा फुलटोच्या बी पोटातून नेण्याच्या भानगडीत पडत नाही. तो फळ गिळण्याऐवजी चोचीतच सोलतो, गर खातो आणि चिकट बी चोचीवरून फांदीला पुसून टाकतो. टिकेलचा फुलटोच्या तेच फळ अख्खं गिळतो आणि काही मिनिटांनी दुसऱ्या टोकाने तेच काम करतो. बीच्या दृष्टीने दोन्ही चालतं. शेवटी ती फांदीलाच चिकटते.

कळी जी आपण होऊन उमलत नाही

बांडगूळ आणि फुलटोच्याचं नातं फळापासून सुरू होत नाही, फुलापासून सुरू होतं.

बांडगुळाच्या काही जातींत कळी पूर्ण पिकते, आत मध भरतो, पराग तयार होतात, पण पाकळ्या उघडत नाहीत. कळी तशीच मिटून बसते. तिला उघडायला पक्षी लागतो. फुलटोच्या किंवा शिंजीर येतो, कळीचं टोक चोचीत धरून दाबतो, आणि ताणलेल्या पाकळ्या फटकन मागे फिरतात. पराग उडून पक्ष्याच्या कपाळावर आणि चेहऱ्यावर बसतात. मध पिऊन तो पुढच्या कळीकडे जातो आणि कपाळावरचा पराग तिथे पोचतो. न उघडलेली कळी दिसली तर समजावं की तिच्यातला मध अजून कुणी प्यायलेला नाही. पक्ष्याचा वेळ वाचतो. फुलाचाही पराग वाया जात नाही, कारण दार उघडतं तेच पाहुणा दारात आल्यावर.

याहून पुढची करामत निलगिरीत सापडली. प्रिया दावीदार यांनी तिथल्या बांडगुळांवर काम केलं आणि १९८३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्यांना असं दिसलं की काही लहान फुलांच्या बांडगुळांत पिकलेली कळी आणि पिकलेलं फळ जवळपास सारखं दिसतं. या बांडगुळांचं परागीकरणही फुलटोच्याच करतो आणि बियाही तोच पसरवतो. फळ हुडकायला आलेला पक्षी फळासारखी दिसणारी कळी चोचीत धरतो, दाबतो, आणि कळी उमलते. एकाच गिऱ्हाइकाला एकाच रंगरूपाने दोनदा बोलावायचं, एकदा फुलाच्या वेळी आणि एकदा फळाच्या वेळी. झाडाला डोळे नाहीत, तरी पक्ष्याच्या डोळ्याला काय दिसतं यावर त्याचं रूप लाखो वर्षांत घडत गेलं आहे.

चार्ल्स डार्विनलाही बांडगुळाने विचारात पाडलं होतं. १८५९ च्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’च्या प्रस्तावनेत त्याने युरोपातल्या बांडगुळाचं उदाहरण घेतलं आहे. अन्नासाठी ठरावीक झाडं, बिया पसरायला ठरावीक पक्षी आणि परागासाठी कीटक, इतक्या जणांवर अवलंबून असलेली वनस्पती केवळ हवामानाच्या परिणामाने अशी घडली असेल हे त्याला पटत नव्हतं. युरोपात फुलटोच्या नाहीत, तिथे हे काम इतर पक्षी करतात. पण त्याने मांडलेलं कोडं हेच.

कोकणातला तपास

पक्षीशास्त्रज्ञ सलीम अली म्हटलं की त्यांनी कीहीमला केलेला सुगरण पक्ष्याचा अभ्यास आठवतो. ते साहजिकच आहे. पण त्याच काळात, १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला, त्यांनी आणखी एक काम केलं होतं ज्याची आठवण फार कमी लोक काढतात. कोकणात बांडगूळ पसरतं कसं, त्यात शिंजिराचा वाटा किती आणि फुलटोच्याचा किती, हे त्यांनी निरीक्षणं करून लिहिलं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये तो लेख छापून आला. आंब्याच्या मुलखात हा प्रश्न निव्वळ कुतूहलाचा नव्हता. बांडगुळाने भरलेलं कलम कमकुवत होतं, फांद्या वाळतात, उत्पन्न घटतं. बागायतदाराच्या दृष्टीने फुलटोच्या हा गुन्ह्यातला साथीदार ठरतो.

मला त्या लेखाचं मोल वाटतं ते त्यामागच्या पद्धतीमुळे. दुर्बीण घेऊन झाडाखाली उभं राहायचं, कोण फुलावर येतो, कोण फळावर येतो, फळ गिळतो की सोलतो, बी कुठे पुसतो, हे डोळ्यांत तेल घालून पाहायचं. कोणतीही महागडी साधनं नाहीत. आजही कोकणातल्या एखाद्या शाळेतली मुलं एका सुट्टीत असा अभ्यास करू शकतील.

सिंगापूर चेरीखाली

मुंबई-पुण्यात फुलटोच्या पाहायचा तर घाटात जाण्याची गरज नाही. सिंगापूर चेरीचं झाड शोधायचं. हे मूळचं अमेरिका खंडाच्या उष्ण भागातलं झाड आपल्या शहरांतल्या कुंपणांपाशी, पार्किंगच्या कडेला, शाळांच्या मैदानात कुठेही उभं असतं. लाल, गोड, असंख्य बारीक बियांची फळं. शाळकरी मुलं आणि फुलटोच्या, दोघांच्याही आवडीची.

आमच्या खिडकीसमोर असं एक झाड आहे, त्यामुळे हे मी अगदी जवळून पाहू शकतो. फळ फुलटोच्याच्या डोक्याएवढं, गिळणं शक्यच नाही. मग तो ते देठावरच चोचीने पकडतो, फोडतो आणि दाबतो. रस बाहेर येतो. चोच पुन्हा पुन्हा मिटते आणि उघडते, फळ थोडं फिरतं, पुन्हा दाब. मधूनमधून जीभ बाहेर येऊन बिया आणि रस चाटून घेते. फळाचं साल रिकामं होऊन लोंबकळत राहतं. मग तो काटकीवर चोच एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने पुसतो. चिक्, आणि पुढच्या फळाकडे. हा सगळा खेळ मिनिटभरात आटोपतो.

त्या जिभेचंही सांगायला हवं. तिचं टोक चिरलेलं असतं आणि कडा आत वळून त्यांच्या बारीक नळ्या होतात. फुलातला मध आणि फळातला रस त्यातून वर चढतो. चोचीच्या कडांना टोकाकडे अगदी सूक्ष्म दाते असतात, जे साध्या डोळ्यांना दिसत नाहीत. घरटं पाहायला मिळणं तर भाग्याचंच. फेब्रुवारी ते जूनच्या सुमारास विणीचा हंगाम असतो. झाडाचा कापूस आणि कोळ्याची जाळी एकत्र दाबून दाबून केलेली ती एक मऊ टांगती पिशवी असते, बाजूला चिरेसारखं दार. पानांत लटकलेली असताना वाळलेल्या पानांचा पुंजका वाटते आणि नजर तिच्यावरून घसरून पुढे जाते.

रंगांची खैरात पूर्वेकडे

आपल्याकडच्या फुलटोच्यांनी रंगाच्या बाबतीत हात आखडता घेतला आहे. जसजसं पूर्वेकडे जावं तसतसा तो सैल सुटतो. हिमालयाच्या उतारांवरच्या एका जातीच्या नराची पाठ काळपट हिरवी आणि छातीवर ठसठशीत लाल डाग. ईशान्य भारतात आणि पुढे सिंगापूरपर्यंतच्या बागांत दिसणाऱ्या दुसऱ्या जातीच्या नराच्या कपाळापासून शेपटीपर्यंत लालभडक पट्टा, बाजूंना गडद निळे पंख. श्रीलंकेच्या ओल्या जंगलात एक जात आहे जी जगात दुसरीकडे कुठेच नाही. पाठ निळसर काळी, गळा पांढरा, पोट पिवळं. सिंहराजाच्या जंगलात ती पाहायला जगभरातून लोक येतात.

पण फुलटोच्यांचं खरं माहेर म्हणावं तर ते फिलिपिन्स. त्या देशात डझनाहून अधिक जाती आहेत आणि त्यातल्या कित्येक एखाद्या बेटावर किंवा बेटांच्या एखाद्या छोट्या समूहावरच सापडतात. मिंडोरोची जात वेगळी, मिंडानाओची वेगळी, नेग्रोस आणि पनायची वेगळी. समुद्राने बेटं तोडली आणि प्रत्येक तुकड्यावर फुलटोच्याने आपला वेगळा रंग काढला.

त्यातलीच सेबू बेटावरची जात. नराच्या अंगावर चार रंग, त्यावरूनच तिचं शास्त्रीय नाव पडलं. १८७७ मध्ये तिची नोंद झाली. पुढे सेबूचं जवळजवळ सगळं जंगल तुटलं. पक्षी दिसेनासा झाला आणि जात संपली असं सगळ्यांनी गृहीत धरलं. मग १९९२ मध्ये ताबुनान नावाच्या जंगलाच्या एका उरल्यासुरल्या तुकड्यात तो पुन्हा दिसला. म्हणजे तो तिथेच होता, इतकी वर्षं, त्या एवढ्याशा झाडीला धरून. आजही ही जात नामशेष होण्याच्या अगदी काठावर आहे आणि तिचं अस्तित्व त्या बेटावरच्या जंगलाच्या मोजक्या तुकड्यांवर टिकून आहे. एखादं जंगल लहान आहे, उपयोगाचं नाही, म्हणून ते सोडून द्यावं असं कुणी म्हणालं की मला ताबुनान आठवतं.

चष्मेवाला

या शतकातही फुलटोच्याची नवी जात सापडली, ही बातमी मला अजूनही आनंद देते.

बोर्निओ बेटावर मलेशियाच्या साबा राज्यात दानुम व्हॅली नावाचं जुनं, उंच जंगल आहे. तिथे झाडांच्या शेंड्याच्या उंचीवर टांगता पूल बांधला आहे. जून २००९ मध्ये त्या पुलावरून पाहणाऱ्या रिचर्ड वेब्स्टर या पक्षीनिरीक्षकाला बांडगुळाच्या फळांवर आलेला एक राखाडी फुलटोच्या दिसला. डोळ्याच्या वर आणि खाली पांढऱ्या कमानी, चष्मा घातल्यासारख्या, आणि गळ्यापासून पोटापर्यंत पांढरा पट्टा. कोणत्याही पुस्तकात असा पक्षी नव्हता. फोटो निघाले, दुसऱ्या वर्षी त्याची माहिती छापून आली, पण शास्त्रीय नाव देता आलं नाही. कारण त्यासाठी नमुना लागतो, आणि हा पक्षी शेंड्यावरून खाली उतरायलाच तयार नव्हता.

दहा वर्षं अशीच गेली. २०१९ मध्ये सारावाक राज्यातल्या लांजाक एंतिमाउ अभयारण्यात स्मिथसोनियन संस्थेच्या आणि स्थानिक वनखात्याच्या लोकांनी पक्ष्यांचा अभ्यास चालवला होता. तिथे लावलेल्या जाळ्यात एक मादी सापडली. त्याच वर्षी जातीचं रीतसर वर्णन प्रसिद्ध झालं आणि त्या जंगलात पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या दायाक लोकांच्या सन्मानार्थ नाव ठेवलं गेलं, ‘डिसीयम दायाकोरम’. डीएनए तपासला तर तिचा कोणत्याही ज्ञात फुलटोच्याशी फार जवळचा संबंध दिसला नाही. आहार तपासला तर निघालं काय? बांडगूळच.

हे सगळं पुलामुळे जमलं हे विसरता कामा नये. जमिनीवरून मान वर करून पाहणाऱ्याला चाळीस मीटर उंचीवरचा बोटभर पक्षी म्हणजे नुसता ठिपका. आपल्या सह्याद्रीतल्या सदाहरित जंगलांतही शेंड्यावर काय काय चालतं याचा फार थोडा भाग आपण पाहतो. आंबोलीला किंवा गोव्यातल्या मोलेला असा एखादा शेंड्याच्या उंचीवरचा पूल झाला तर मी पहिल्या दिवशी रांगेत उभा राहीन.

बांडगूळ काढून पाहिलं तेव्हा

ऑस्ट्रेलियात या कुळातली एकच जात पोचली. तिथला नर वरून चमकदार निळसर काळा, गळा आणि छाती लालभडक. टास्मानिया सोडून जवळपास सगळ्या खंडात तो फिरतो. फिरतो असंच म्हणायला हवं, कारण बांडगूळ जिथे फळेल तिथे त्याचा मुक्काम. पिल्लांना सुरुवातीला किडे भरवतात आणि मग लवकरच बांडगुळाची फळं.

तिथेच एक धाडसी प्रयोग झाला. डेव्हिड वॉटसन या शास्त्रज्ञाने न्यू साउथ वेल्सच्या दक्षिणेकडच्या झाडीच्या सतरा तुकड्यांतून सगळं बांडगूळ काढून टाकलं. आसपासचे इतर तुकडे जसेच्या तसे ठेवले. तीन वर्षांनी मोजणी केली. बांडगूळ काढलेल्या तुकड्यांत पक्ष्यांच्या जाती सरासरी पाचव्या हिश्श्याने घटल्या होत्या. बारमाही राहणाऱ्या, झाडीवाचून जगू न शकणाऱ्या जातींची घट तर तृतीयांशाहून जास्त होती. २०१२ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

फळ खाणारे पक्षी कमी झाले असते तर कुणाला नवल वाटलं नसतं. पण कमी झाले ते बरेचसे जमिनीवरचे किडे वेचून खाणारे पक्षी, ज्यांचा बांडगुळाच्या फळाशी काही संबंध नाही. कारण पानांत दडलेलं होतं. बांडगुळाची पानं सतत गळतात आणि त्यांच्यात पोषक क्षार भरपूर असतात. ती झाडाखाली कुजतात, माती सुधारते, किडे वाढतात आणि त्या किड्यांवर पक्षी जगतात. वर बांडगूळ राहिलं नाही आणि खाली जमिनीवरचं ताट रिकामं झालं.

आपल्याकडेही असे धागे आहेत. हळदीकुंकू नावाचं फुलपाखरू तुम्ही नक्की पाहिलं असेल, पंखांच्या खालच्या बाजूला पिवळ्याधमक रंगावर लाल ठिपके. घराच्या अंगणात येतं, म्हणून त्याला सगळे ओळखतात. त्याच्या अळ्या बांडगुळाची पानं खाऊन वाढतात. फुलटोच्याने एका फांदीवर बी पुसली नसती तर कदाचित तुमच्या अंगणात ते फुलपाखरू आलंच नसतं.

म्हणून बागायतदाराला माझं एवढंच मागणं आहे. हापूसच्या कलमावरचं बांडगूळ काढा, ते काढलंच पाहिजे. फांदी जरा मागून, चोषक मुळाच्या खालून कापा, नाहीतर ते पुन्हा फुटेल. पण बांधावरच्या, रानातल्या, कुणाच्या उत्पन्नाशी संबंध नसलेल्या झाडांवरचं राहू द्या. बांडगूळ शेकडो जातींच्या झाडांवर वाढतं, एखाद्या जुन्या दणकट रानझाडाला दोन-चार झुबक्यांनी फारसं काही होत नाही. सोसायटीच्या आवारातलं झाड छाटायला माणूस बोलावला असेल तर त्यालाही आधी सांगा.

आणि फुलटोच्या पाहायचाच असेल तर सकाळी आठच्या आत निघा. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान, कर्नाळा, घरामागची आमराई, काहीही चालेल. आधी झाडावर पानांचा वेगळाच दिसणारा, दाट, लोंबता झुबका शोधा. त्याच्या खाली नाही, दहा-पंधरा पावलं बाजूला उभे राहा म्हणजे मान दुखणार नाही आणि कोनही बरा मिळेल. दुर्बीण झुबक्यावर लावून ठेवा. चिक् चिक् ऐकू आलं की हलू नका. फळ गिळून तो उडून गेला तरी नजर आसपासच्या फांद्यांवर ठेवा, कारण दहा-पंधरा मिनिटांत तो कुठेतरी जवळच फांदीच्या लांबीत वळून बसेल, आणि मग काय घडतं ते तुम्हाला आता माहीतच आहे.